‘नुएवे रेइनास’चा शेवट : बँक बुडाली नसती तर?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘नुएवे रेइनास’, म्हणजे ‘नऊ राण्या’, हा अर्जेंटिनातला स्पॅनिश चित्रपट दोनदा पाहिल्यानंतरही शेवटी ऐन वेळी बँक बुडते ही गोष्ट पटत नाही, इतका बारकाईने रचलेला बनाव अखेरीस दैवावर सोडून दिला असेल, तर ती पटकथाकाराने शोधलेली पळवाट म्हणायची का, आणि शेवटच्या दृश्यात उघड होणारे रहस्य प्रेक्षकाशी प्रामाणिक आहे का? पटकथा लिहिणे आणि शिकवणे हेच काम अनेक वर्षे करत आल्यामुळे हा चित्रपट मला वारंवार, अगदी दृश्यागणिक थांबवून पाहावा लागला आहे. माझे उत्तर असे की बँक बुडण्याआधीच बनाव पुरा झालेला असतो, त्यामुळे बँकेवर त्यातले काहीही अवलंबून नाही. प्रामाणिकपणाच्या बाबतीत मात्र उत्तर ‘होय, पण एक-दोन ठिकाणे सोडून’ असे द्यावे लागेल. पुढे शेवट पूर्णपणे उघड केलेला आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा हे बरे.

फाबियान बिएलिन्स्की यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट 31 ऑगस्ट 2000 रोजी अर्जेंटिनात प्रदर्शित झाला. त्याआधी अनेक वर्षे ते सहायक दिग्दर्शक म्हणून राबत होते, आणि एका निर्मितीसंस्थेच्या पटकथा-स्पर्धेत ही संहिता निवडली गेली म्हणून ती पडद्यावर येऊ शकली. कथा साधारण एका दिवसात, ब्युनोस आयरेसच्या रस्त्यांवर आणि मुख्यतः एका आलिशान हॉटेलात घडते. पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात सुट्या पैशांची हातचलाखी करून गल्ल्यावरच्या मुलीला फसवणारा तरुण हुआन (गास्तोन पाउल्स) तीच युक्ती पाळी बदलताच दुसऱ्या मुलीवर करायला जातो आणि पकडला जातो. तिथेच असलेला मार्कोस (रिकार्दो दारीन) पोलीस असल्याची बतावणी करून त्याला सोडवतो, आणि आपला जोडीदार बेपत्ता असल्यामुळे दिवसभरासाठी त्याला सोबत घेतो. हुआनला तुरुंगातल्या वडिलांसाठी न्यायाधीशाला द्यायला 70,000 हवे आहेत आणि त्याच्याजवळ 50,000 आहेत. दरम्यान मार्कोसची बहीण वालेरिया (लेतिसिया ब्रेदिसे), जी त्या हॉटेलात नोकरी करते, त्याला फोन करून बोलावून घेते, कारण त्याचा जुना साथीदार सँडलर हॉटेलात कोसळला आहे. या म्हाताऱ्याजवळ जर्मनीतल्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळातील ‘नऊ राण्या’ या दुर्मीळ टपाल तिकिटांच्या तावाची हुबेहूब नक्कल आहे. गिऱ्हाईकही हॉटेलातच आहे : दुसऱ्या दिवशी देशाबाहेर घालवला जाणारा श्रीमंत स्पॅनिश संग्राहक गांदोल्फो, ज्याच्याजवळ नीट तपासणी करायला वेळ नाही.

यापुढची कथा सांगण्यापेक्षा पैशांचा हिशेब मांडतो, कारण अशा चित्रपटात संवाद खोटे बोलू शकतात आणि चेहरेही खोटे बोलू शकतात, परंतु कोणाच्या खिशातले पैसे कोणाच्या हातात गेले ही गोष्ट पडद्यावर घडावीच लागते. त्या काळी एक पेसो म्हणजे एक डॉलर हे अर्जेंटिनात कायद्यानेच ठरलेले होते, म्हणून आकडे पेसोत वाचा किंवा डॉलरमध्ये, फरक पडत नाही. गांदोल्फो 4,50,000 द्यायला कबूल होतो. नकली ताव तसाच विकला गेला असता तर मार्कोसच्या पदरचे काहीच जाणार नव्हते. पण मोटारसायकलवरून आलेले दोन चोर ती बॅग हिसकावतात, आत नुसते कागद पाहून ते पाण्यात फेकून देतात, आणि सौदा वाचवायचा असेल तर सँडलरच्या बहिणीकडे असलेला अस्सल ताव विकत घेणे एवढाच मार्ग उरतो. ती 2,50,000 मागते. मार्कोस आपले 2,00,000 काढतो, हुआन आपले 50,000 घालतो, आणि ती रक्कम त्या बाईच्या हातात पडते.

बनाव संपतो तो याच क्षणी. शेवटच्या दृश्यात, शहराच्या एका गोदामवजा जागेत, सँडलर, त्याची बहीण, गांदोल्फो, मोटारसायकलवाले आणि वालेरिया एकत्र दिसतात आणि हुआन हा वालेरियाचा होणारा नवरा आहे हे कळते, तेव्हा मागे वळून पाहिल्यास मार्कोसचे 2,00,000 आदल्या दिवशीच या टोळीच्या ताब्यात आलेले होते. हुआनचे 50,000 एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात गेले. गांदोल्फोचे 4,50,000 तर कधी अस्तित्वात असण्याचीच गरज नव्हती, कारण त्याने रोकड दिली नाही, प्रमाणित, म्हणजे बँकेने रकमेची हमी दिलेला, चेक दिला, आणि मार्कोस तो वटवायला गेला तेव्हा ती बँकच बुडालेली होती. आता बँक उघडी असती असे समजू. मार्कोस चेक वटवायला गेला असता आणि बहुधा खिडकीवरच त्याला तो खोटा असल्याचे समजले असते. ज्या टोळीत सँडलरसारखा नकला करणारा आहे तिला असा कागद तयार करणे अवघड नव्हते. तोवर गांदोल्फो विमानात बसून निघून गेला, अशी मार्कोसची समजूत असती. पैसे दोन्ही परिस्थितींत गेलेलेच होते.

मग पटकथाकाराने बँक का बुडवली? ठकांच्या धंद्यातला सर्वांत धोक्याचा टप्पा पैसे हातात आल्यानंतरचा असतो, कारण सावजाला शुद्ध आली की ते पोलिसांकडे जाते किंवा स्वतःच शोध घेऊ लागते, आणि मार्कोससारखे सावज पोलिसांकडे जाणारे नसले तरी शोध घेण्यात तरबेज असते. खोटा चेक हातात उरला असता तर तो आधी गांदोल्फोचा, मग सँडलरचा आणि अखेरीस बहिणीचा माग काढत गेला असता. बुडालेल्या बँकेचा चेक हातात उरल्यावर मात्र बोट दाखवायला माणूसच शिल्लक राहत नाही. शेकडो खातेदारांच्या गर्दीत तोही एक बुडालेला खातेदार ठरतो, आणि आपल्याला कोणी लुबाडले ही शंकाही त्याच्या मनाला शिवत नाही. टोळीला त्या बँकेची अवस्था आधीच ठाऊक होती म्हणून तिचा चेक वापरला, की नशिबाने साथ दिली, हे चित्रपट उघडपणे सांगत नाही, आणि माझ्या मते सांगण्याची आवश्यकताही नाही, कारण योजना दोन्ही बाजूंनी सुरक्षित होती. योगायोगामुळे नायकाचे संकट टळते तेव्हा प्रेक्षक चिडतो आणि ते योग्यच असते. इथे योगायोगाने कोणाचेही संकट टळलेले नाही.

आपल्याला हा योगायोग खटकतो त्याचे आणखी एक कारण म्हणजे आपण तो भारतातून पाहतो. अर्जेंटिनाच्या प्रेक्षकाला बँकेचे दार बंद होणे ही कल्पित घटना वाटलीच नसावी. 1990 च्या आरंभी सरकारने लोकांच्या मुदत ठेवी सक्तीने दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांत बदलल्या होत्या. 1995 साली मेक्सिकोच्या चलनसंकटाची झळ पोहोचून अर्जेंटिनातल्या अनेक बँका बंद पडल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या. अशा देशात ‘संचालक पैसे घेऊन पसार झाले’ हे वाक्य ऐकणाऱ्याला स्पष्टीकरणाची गरज लागत नाही. पुढे डिसेंबर 2001 मध्ये, म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाल्यावर सव्वा वर्षाने, सरकारने खात्यातून आठवड्याला 250 पेसोंपेक्षा जास्त रोकड काढण्यास मनाई केली, लोक भांडीकुंडी वाजवत रस्त्यावर उतरले, अध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ यांना 20 डिसेंबरला राजीनामा द्यावा लागला, आणि जानेवारी 2002 मध्ये पेसो-डॉलर समतेचा तो कायदाही मोडीत निघाला. तेव्हापासून या चित्रपटाला भविष्यवाणी म्हणण्याची प्रथा पडली आहे. मला ती मान्य नाही. बिएलिन्स्की यांनी भविष्य पाहिले नव्हते, त्यांच्या प्रेक्षकाच्या आठवणीत काय आहे हे त्यांना नेमके माहीत होते, आणि पटकथाकाराच्या दृष्टीने हीच मोठी करामत आहे. (आपल्याकडे सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना केवळ एक हजार रुपये काढता येत होते, त्यानंतर हा शेवट वर्गात दाखवला की मुंबईतल्या विद्यार्थ्यांकडून योगायोगाची तक्रार जवळपास येतच नाही.)

आता प्रामाणिकपणाचा प्रश्न. रहस्याचा चित्रपट प्रामाणिक आहे की नाही हे ठरवण्याची माझी कसोटी अशी : दुसऱ्यांदा पाहताना प्रत्येक दृश्याला दुसरा, पहिल्याइतकाच सुसंगत अर्थ मिळाला पाहिजे, आणि केवळ प्रेक्षकाची दिशाभूल करण्यासाठी पात्रांनी केलेली एकही कृती सापडता कामा नये. या कसोटीवर पहिले दृश्य उत्तम उतरते. एकाच दुकानात तीच युक्ती दुसऱ्यांदा करणे हा पहिल्या पाहण्यात हुआनचा कच्चेपणा वाटतो आणि मार्कोसलाही तसेच वाटते. दुसऱ्या पाहण्यात तो गळाला लावलेला आमिषाचा तुकडा आहे, कारण हात चांगला पण अक्कल कमी असा साथीदार मार्कोसला हवाच असतो. मोटारसायकलवाल्यांचे दृश्य पहिल्यांदा निव्वळ दुर्दैव वाटते. वर मांडलेला हिशेब समोर ठेवला की तेच संपूर्ण योजनेचे बिजागर आहे, कारण नकली ताव नाहीसा झाल्याशिवाय मार्कोसला स्वतःचे पैसे काढायला लावणे शक्यच नव्हते.

मात्र मला सर्वांत थक्क करते ती हुआनच्या संशयाची योजना. चित्रपटाच्या मध्यावर कोणत्याही जाणकार प्रेक्षकाच्या मनात विचार येतो की हे सगळे फार सहज जुळून येते आहे, हा कोणाला तरी लुबाडण्याचा बनाव असणार. पटकथाकार ही शंका दाबून ठेवत नाही. तो ती हुआनच्याच तोंडी घालतो : हा सगळा खेळ आपले 50,000 उकळण्यासाठी मार्कोसने रचला नसेल कशावरून, असे तो मार्कोसलाच विचारतो. या एका खेळीने तीन गोष्टी साधतात. प्रेक्षकाची शंका बोलून दाखवली गेल्यामुळे तिची धार जाते. संशयाचे बोट मार्कोसकडे वळते आणि आपण पुढचा अर्धा चित्रपट त्याच्याकडेच रोखून पाहत बसतो. आणि खुद्द मार्कोसवर आपली सचोटी सिद्ध करण्याची वेळ येते. जो माणूस आयुष्यभर इतरांना विश्वास ठेवायला भाग पाडत आला, तो आता आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून धडपडू लागतो, आणि सचोटीचा पुरावा म्हणून स्वतःची मोठी रक्कम पुढे करणे त्याला स्वाभाविक वाटते. पैसे काढ असे त्याला कोणीही सांगत नाही. हुआन तर शेवटपर्यंत कचरतच असतो, त्याला तयार करण्याचे काम मार्कोस करतो. सावजाने ठकाचे मन वळवावे अशी रचना मी इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या पटकथेत पाहिलेली नाही.

यातून कथनाची आणखी एक खुबी लक्षात येते. नवशिका आणि मुरलेला भामटा अशी जोडी समोर आली की आपण नकळत नवशिक्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो, कारण त्याला जे समजावून सांगितले जाते ते आपल्यालाही समजत जाते. मार्कोस रस्त्यावर उभा राहून आसपासच्या गर्दीतले पाकीटमार, बॅग उचलणारे, घरे फोडणारे अशी चोरांच्या जातींची लांबलचक नामावळी ब्युनोस आयरेसच्या रस्त्यावरच्या बोलीत सांगतो, आणि ते सगळे इथेच आहेत, फक्त तुला दिसत नाहीत असे सुचवतो, ते दृश्य यासाठी प्रसिद्धच आहे. पहिल्यांदा ते शिक्षकाचे व्याख्यान वाटते. प्रत्यक्षात त्या गर्दीतला सर्वांत जवळचा चोर त्याच्या शेजारीच उभा आहे आणि तो त्याला दिसत नाही. कथा अशा रीतीने सावजाच्या बाजूने सांगितलेली आहे, पण आपण समजतो की ती शिष्याच्या बाजूने सांगितली जात आहे. कॅमेऱ्याने आपल्याला खोटे काही दाखवलेले नाही. खुर्ची चुकीची निवडली ती आपण.

तिकिटांच्या निवडीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण पटकथा लिहू पाहणारे या भागाकडे फारसे लक्ष देत नाहीत. हिरे किंवा चित्र घेतले असते तरी कथा चालली असती असे वरवर वाटते. परंतु टपाल तिकिटाच्या किमतीला त्या कागदात काहीही आधार नसतो. विकणारा आणि घेणारा अशा दोघांच्या समजुतीवर ती उभी असते, आणि तिकिटे एक क्षणभर पाण्यात पडली तरी संपते. हिऱ्यांची पिशवी डॉकमध्ये पडली असती तर पाणबुडे बोलवावे लागले असते. शिवाय तपासणी करायला जो तज्ज्ञ येतो तोही बाहेर पडून स्वतःचा हिस्सा मागतो, म्हणजे समजुतीवर शिक्कामोर्तब करणाराही विकत घेता येतो, हे तिकिटांच्या बाबतीत सहज पटते. ‘नऊ राण्या’ नावाची अशी तिकिटे खरोखर कधी निघालेली नाहीत. राजेशाही गेल्यानंतर स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाने राण्यांची तिकिटे कशाला काढली असतील, हा प्रश्नदेखील चित्रपट पाहताना आपल्याला पडत नाही, आणि मला वाटते की बिएलिन्स्की इथे प्रेक्षकाकडे पाहून किंचित हसत आहेत.

वालेरियाच्या अटीबाबत माझे मत काहीसे मिश्र आहे. सौदा पक्का होण्याच्या वेळी गांदोल्फो तिकिटांबरोबर वालेरियाचीही मागणी करतो, आणि ती तयार होते ती एका अटीवर : आजी-आजोबांच्या वारशात आपण भावंडांना फसवले हे मार्कोसने धाकटा भाऊ फेदेरिको याच्यासमोर कबूल करावे. भावनिक दृष्ट्या हा चित्रपटाचा कळस आहे, कारण त्यामुळे शेवटी कळते की मार्कोसकडून जे पैसे गेले ते मुळात त्याचे नव्हतेच, आणि धाकट्याच्या डोळ्यांतला आदर जाणे ही त्याच्यासाठी पैशांपेक्षा मोठी शिक्षा आहे. पण वर मांडलेली कसोटी लावली तर इथे थोडे अडते. रक्कम हाती आलेली असताना टोळीने हा जादा धोका का पत्करावा? कबुली देताना मार्कोस बिथरला असता तर? याचे एकच समाधानकारक उत्तर मला सुचते, ते म्हणजे वालेरियासाठी हा बनाव पैशांपुरता कधीच नव्हता, आणि कबुलीशिवाय तिला तो अपुरा वाटला असता. हे उत्तर पात्राच्या स्वभावातून येते म्हणून मी ते स्वीकारतो. शुद्ध यंत्ररचनेच्या दृष्टीने तो सैल टाका आहे.

दुसरी सैल जागा म्हणजे ते गोदामाचे दृश्य. मार्कोस अजून त्याच शहरात मोकळा फिरत असताना बनावात सामील असलेली सगळी मंडळी एकाच जागी निवांत बसलेली असावीत, हे व्यवसायाला धरून नाही. दिग्दर्शकाला एकाच दृश्यात सर्व चेहरे दाखवून उलगडा संपवायचा होता, आणि त्यासाठी त्याने पात्रांना सोयीचे वागायला लावले. आपली फसवणूक झाल्याची भावना जर कुठे रास्त असेल तर ती इथे आहे. बँकेच्या दाराशी ती मुळीच नाही.

याच कथेची इतर रूपे आपण विचारली आहेत म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात. 2004 साली अमेरिकेत ‘क्रिमिनल’ या नावाने तिची नवी आवृत्ती निघाली. तिथे कथा लॉस एंजेलिसला नेली आणि तिकिटांच्या जागी जुनी दुर्मीळ नोट आणली. घटनाक्रम जवळपास तोच राहिला, पण बँकेच्या दारावरची गर्दी त्या शहराच्या अनुभवात नसल्यामुळे मूळचा शेवट तसाच्या तसा तिथे बसणे शक्य नव्हते, आणि चित्रपटाचा कणाच जरा वाकला. 2005 च्या डिसेंबरात आलेला रोहन सिप्पी यांचा मुंबईत घडणारा हिंदी चित्रपट ‘ब्लफमास्टर’ याच कुळातला आहे, जरी त्यात इतरही कथांचे धागे आहेत. अभिषेक बच्चन मुरलेला भामटा, रितेश देशमुख शिकाऊ साथीदार आणि नाना पाटेकर खलनायक, शिवाय बोमन इराणी यांचे डॉक्टर भालेराव, असा तो संच मराठी प्रेक्षकाला पाहायला मजा येते. तिथेही मुरलेल्या भामट्याभोवतीची माणसे त्याच्याविरुद्ध एकत्र येतात, पण हेतू त्याला सुधारण्याचा असतो, आणि फसवला गेलेला नायक शेवटी फसवणाऱ्यांच्या प्रेमात असतो. गाणी, नाट्य आणि सुखान्त यांच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा आहे, मात्र त्यामुळे हिशेबाची ती निर्दय शिस्त गेली : मूळ चित्रपटात मार्कोसला आपण फसवले गेलो हे कळतही नाही, तर इथे त्याला सर्व काही समजावून सांगितले जाते.

बिएलिन्स्की यांनी यानंतर एकच चित्रपट केला, 2005 चा ‘एल आउरा’, आणि जून 2006 मध्ये साओ पाउलो येथे हृदयविकाराने वयाच्या 47 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अशी पटकथा स्वतः लिहिण्याचा आपला विचार असेल तर तो दुसरा चित्रपट अवश्य पाहावा. त्यातही रिकार्दो दारीनच आहेत, परंतु या वेळी ते मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरण्याचे काम करणारे, अपस्माराचे झटके येणारे, अबोल गृहस्थ झाले आहेत, ज्यांनी मनातल्या मनात अनेक निर्दोष दरोडे आखलेले आहेत आणि एकही घातलेला नाही. पुढे दक्षिणेकडच्या जंगलात एका खऱ्या दरोड्याची योजना त्यांच्या हाती लागते, आणि डोक्यात बिनचूक असलेला हिशेब खऱ्या माणसांच्या हातात गेल्यावर कसा चुकत जातो, ते बिएलिन्स्की पहिल्या चित्रपटापेक्षा खूपच सावकाश दाखवतात.